सारजानं बांगड्या वाढवल्या

भांडण मी ऐकलं ते मुद्दाम नव्हे. सारजाच्या खोलीत नि आमच्या खोलीत मधे नुसता एक पत्रा होता, आणि पत्र्याला कान नसले तरी खिळ्यांची भोकं असतात. चौऱ्याहत्तर सालचा चैत्र. गिरणीचा तीनचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. मी जोंधळे निवडत बसले होते. सारजाचा थोरला दीर महिपती वळसंगहून आलेला. तो आला की आधी पाणी मागायचा, मग चहा, मग बोलायचा. त्या दिवशी त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही, तेव्हाच माझा हात थांबला.

"सारजा, दीड वरीस झालं. कार्ड न्हाय, सांगावा न्हाय. जोत्या गेला."

"गेले कुटं? कामावर हायत."

"कामावरला माणूस कार्ड धाडतो. माझी म्हस मेली. कारभारणीचं पोरगं पोटातच गेलं. हिरीत पाणी न्हाय. देवरुषी म्हणला, घरचा माणूस दिवसाबिगर फिरतोय, त्येचे दिवस घाला."

"हिरीत पाणी तर आख्ख्या वळसंगात न्हाय. समद्यांचीच माणसं फिरत्यात व्हय?"

महिपती आवाज खाली आणून म्हणाला, आणि तो खालचा आवाजच मला जास्त लागला.

"तू बांगड्या वाढव, म्हंजी मला दिवस घालता येत्यात. धा माणसांपुढं बोलायला लावू नगंस."

"शास्तरात बारा वरसं वाट बघाया सांगितलीया, भावजी."

"बारा वरसं माझं घर उभं ऱ्हाईल का?"

सारजा म्हणाली, "वाढवते की."

माझ्या सुपातले जोंधळे जमिनीवर सांडले.

आता हल्लीच्या पोरींना सांगायला लागतं म्हणून सांगते. काही शब्द आपल्यात तोंडानं उच्चारत नाहीत. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. आणि बांगडी फुटली असं तर सवाष्ण बाई झोपेतसुद्धा म्हणणार नाही. बांगडी वाढवली. नवरा गेल्यावर हातातल्या सगळ्या एका वेळी दगडावर घालतात, तेही वाढवणंच. शब्द गोड, काम तसलं.

सारजाचा नवरा जोतीराम बहात्तरच्या दुष्काळात घाटाकडं एका धरणाच्या बोगद्यावर सुरुंगाच्या कामाला गेला होता. पहिले काही महिने मुकादमाच्या हातची कार्डं यायची. मग थांबली ती थांबलीच. सारजा चादरींच्या दशांना गाठी मारून पोट भरत होती. उंच, काळीसावळी, आणि विनोद सांगितला की सगळ्यांच्या मागून हसणारी. पोरंबाळं नव्हती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातांत मोजून सहा काचेच्या बांगड्या, एवढाच तिचा संसार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. "ताने, नव्या पेठेत येतीस? बांगड्या वाढवायच्यात."

मला हुंदका आला. म्हटलं, पेठेत कशाला जायला पाहिजे, दगड काय कमी आहेत. पण गेले. तिच्या डोक्यावर तांब्याचा हंडा. तो तिनं तांबटाच्या आळीत विकला आणि तशीच मायाप्पाच्या दुकानात शिरली. मायाप्पा बांगड्यांचा घाऊक व्यापारी, घरात कानडी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी. सारजानं मोजून हिरव्या, लाल, चटणीरंगी बांगड्यांच्या लडी घेतल्या. मी तोंडात पदर धरून बघत राहिले.

"भावजींनी सांगितलंय," ती मला म्हणाली, "वाढव. सहा होत्या, आता सहाशे झाल्या. आणखी किती वाढवायच्या?"

हसली. पण लडी टोपलीत ठेवताना तिची बोटं अशी थरथरत होती की काच किणकिणत होती. ते मायाप्पानंही बघितलं.

"बाई, धंद्याची एकच गोष्ट सांगतो. दुसरीचा हात हातात घेतल्यावर भ्यायचं नाही. तू भ्यालीस की काच भ्याली, मग ती पिचती."

भीती कशाची ते मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि न सांगता मायाप्पालाही कळलं असावं. चुडा सवाष्णीच्या हातानं भरावा, निदान आमच्या गल्लीत तरी तसंच मानत. सारजा सवाष्ण होती ती एका न आलेल्या कार्डाच्या भरवशावर. उद्या वाईट खबर घेऊन ते कार्ड आलं तर तिच्या हातातल्या जातील, टोपलीतल्याही जातील, आणि जिच्या जिच्या हातात तिनं भरल्या ती प्रत्येक बाई रात्रीच्या आत आपल्या नवऱ्याच्या छातीवर कान ठेवून बघेल.

आठ दिवस तिनं माझ्या हातावर शिकून घेतलं. अंगठ्याचं हाड आत दाबायचं, बोटं एकत्र करायची, बांगडी फिरवत फिरवत चढवायची. माझ्या डाव्या मनगटावर अजून दोन पांढऱ्या रेघा आहेत, त्या सारजाच्या शाळेच्या. आमचे मालक यंत्रमागावरून घरी आले आणि उंबऱ्यात काचांचा खच बघून बाहेरच उभे राहिले.

"मी हाय अजून," म्हणाले. "आत येऊ का?"

तेही हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. सारजानं गुपचूप सगळा चुरा गोळा केला.

मग तिनं फेरी सुरू केली. अक्कलकोट रोडला तेव्हा मागाचे कारखाने नवेनवे उभे राहत होते, आणि त्यांच्या मागं कामगारांच्या खोल्यांच्या रांगा. पहिले तीन दिवस ती टोपली घेऊन गेली आणि भरली टोपली घेऊनच परत आली. चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले तेव्हा कारण कळलं. ती ओरडतच नव्हती. तोंड उघडायची, आणि आवाज घशातच राहायचा. बायका दारातून बघायच्या, ही कोण मुकी बाई टोपली घेऊन फिरतेय.

"बांगड्या म्हण की," मी म्हटलं.

"म्हणलं की बोलावत्यात."

"मग त्यासाठीच आलीस ना?"

"बोलावलं की पैलं इचारत्यात, तुमचं मालक काय करत्यात."

एका दारात तसंच झालं. तिथं सातआठ बायका बसल्या होत्या. एकीनं हात पुढं केला आणि विचारलंच. सारजा म्हणाली, "बोगद्याच्या कामावर हायत." "कधी येत्यात?" सारजानं टोपलीतली लड उगाच सारखी केली. बाईनं हात हळूच मागं घेतला. जसा तापलेल्या तव्यावरून घेतात तसा, पण हळू, कोणाला दिसू नये म्हणून. सगळ्यांना दिसला.

तेवढ्यात कोपऱ्यातली काशम्मा पुढं सरकली. ही तेलुगू विणकरांच्या घरातली म्हातारी, सात मुलगे, आणि गल्लीत तिचा शब्द म्हणजे शेवटचा. मराठी बोलायची, पण त्यातल्या शब्दांचे बाप्ये नि बाया एकत्र जेवायला बसायच्या.

"माझा हात घे, अम्मा."

"आजी, तुमी इचारलं न्हाय," सारजा म्हणाली.

"काय विचारायचा? माझी नवरा काय काचेची हाय काय? भर."

बायका फिदीफिदी हसल्या. सारजानं तो सुरकुतलेला हात घेतला. मी तिच्या बोटांकडं बघत होते. तिनं ओठ मिटले, हाड दाबलं आणि बांगडी गेली. एकही पिचली नाही. उजव्या हातात एक जास्तीची भरली, ती पदरची, तिचा मोबदला घ्यायचा नाही असं तिनं ठरवलेलं. परत येताना पहिल्यांदा ती ओरडली. "बांगड्याऽऽ" असा तिचा तो आवाज. चांगला नव्हता. एखाद्याला लांबून हाक मारावी तसा होता, आणि तो ओ देत नाही हे माहीत असावं तसा.

दोन वर्षांत धंद्याची घडी बसली. लगीनसराई, श्रावण, डोहाळजेवणं, सगळीकडं सारजा. शेतावरच्या बायका सुपानं जोंधळे घालायच्या, त्यातले निम्मे ती एसटीच्या टपावर टाकून वळसंगला दिराकडं पाठवायची. मी म्हटलं, जो तुला तसं बोलला त्याला? म्हणाली, "त्याची पोरं उपाशी ठिवून बारा वरसं कशी मोजायची?"

पण मी एक पाहिलं होतं. रोज दुपारी सायकलची घंटा वाजली की तिचा हात थांबायचा. सिद्धाप्पा पोस्टमन गल्लीतून पुढं जाईपर्यंत ती समोरच्या बाईचा हात तसाच धरून बसायची. बायकांना वाटायचं, माप घेतेय. ती कार्डाचे कोपरे बघत असायची. मेल्याची खबर असेल तर लिहिणारा कार्डाचा एक कोपरा फाडतो, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळतं, आणि वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. सारजाला अक्षर येत नव्हतं. कोपरा येत होता.

शहात्तरच्या वैशाखात, काशम्माच्या नातीचा चुडा होता. चाळीच्या मधल्या अंगणात बायका जमलेल्या. नवरीचा उजवा हात भरून झाला होता, डाव्या हातात चार चढल्या होत्या. सिद्धाप्पाची घंटा वाजली. या वेळी तो पुढं गेला नाही. सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली. पोस्टमन टोपी काढतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सारजाबाई, कार्ड हाय."

त्याच्या हातात कार्ड होतं आणि त्याचा वरचा कोपरा नव्हता.

सगळ्यांनी बघितलं. नवरीच्या आईनं पोरीचा हात ओढून घेतला. अर्धा चुडा भरलेला हात, त्याहून अपशकुन दुसरा नाही, पण तिला तेही कळेना. सारजानं कार्डाला हात लावला नाही. माझ्याकडं बघितलं. मी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली, गल्लीची वाचणारी मीच.

"वाच, ताने."

मी मनात वाचलं. मुकादमाचं अक्षर होतं. लिहिलं होतं की बोगद्यात त्र्याहत्तरच्या संक्रांतीला दरड कोसळली होती, आत कोण राहिलं ते तेव्हा कळलं नाही, पलीकडून खोदताना परवा तीन माणसं सापडली, त्यातला एक जोतीराम, दंडातल्या तांब्याच्या ताइतावरून ओळख पटली. पुढं तिथंच अग्नी दिला वगैरे. मी दोनदा वाचलं, कारण साल चुकलं असेल असं वाटलं. त्र्याहत्तर. म्हणजे महिपती पत्र्यापलीकडं बोलत होता तेव्हाच तो गेलेला होता. म्हणजे सारजानं काशम्माच्या हातात पहिली बांगडी चढवली तेव्हाही.

तेवढ्यात चाळीतल्या दगडाबाईची शेळी अंगणात शिरली. कुठून सुचलं, अजून सांगता येत नाही.

"महिपतीचं कार्ड हाय," मी म्हटलं. "गाय व्याली. कालवड झाली. पोरं बरी हायत. आन् दगडाबाई, तुझ्या शेळीला बांध आधी. कोपरा खाल्ला की हिनं."

"माझी शेळी कार्ड खात न्हाय," दगडाबाई म्हणाली.

"मग परवा माझ्या परकराचा काठ कुणी खाल्ला? तू?"

"परकर येगळा. कार्ड येगळं."

बायकांनी सिद्धाप्पाकडं बघितलं. पोस्टमन कार्डं वाचतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तो टोपी हातात फिरवत उभा होता. मग टोपी डोक्यावर घातली.

"सायकल लावली तवा पिशवीत तोंड घातलं होतं तिनं," म्हणाला. "मी हाकललं." आणि गेला.

सारजा माझ्याकडं बघत होती. किती वेळ ते मला विचारू नका. मग नवरीच्या आईला म्हणाली, "हात द्या पोरीचा. अर्धा चुडा बरा न्हाय."

काशम्मानं नातीचा हात स्वतः पुढं केला. राहिलेल्या बांगड्या सारजानं एकेक करून चढवल्या. एकही पिचली नाही. जास्तीचीही एक भरली. नवरी पाया पडली तेव्हा सारजानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझं सगळं अंग थंड पडलं, वैशाखात.

खोलीवर आल्यावर ती म्हणाली, "ताने, ते कार्ड फाडून टाक. घरात ठिवू नये."

एवढंच. गाय व्याल्याचं कार्ड कोणी फाडत नाही.

मग तिनं न्हाणीत जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. म्हणाली, लई घामेजले होते. चूल पेटवली नाही. मी भाकरी नेली ती नको म्हणाली नाही, पण खाल्लीही नाही. मी तिला सगळं वाचून दाखवलं. सालसुद्धा सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजी काशम्माचा हात मी भरला तवा..."

"व्हय."

"काशम्माचा म्हातारा कसा हाय?"

"सकाळी मिशीला कलप लावत हुता."

"आन् धुळाप्पाची बायको? गेल्या श्रावणात भरल्या तिला."

"काल धुळाप्पानं तिला मारलं. ठणठणीत हाय मेला."

सारजानं आपल्या हातातल्या बांगड्या एकेक करून कोपराकडं सरकवल्या. "दोन वरसं मी घंटेला भीत हुते," म्हणाली. "ज्येला भ्याले ते आधीच हून गेलं हुतं." तेव्हा ती रडली, पत्र्याला तोंड लावून, आवाज न करता. पत्रा मात्र थरथरत होता.

सकाळी कुंकू लावून, टोपली घेऊन ती फेरीला गेली. घंटा वाजली तेव्हा तिचा हात थांबला नाही.

माझाच थांबू लागला. तिची भीती गेली ती कुठं गेली म्हणाल, तर माझ्याकडं आली. तिनं चुडा भरलेल्या प्रत्येक पोरीच्या दारावरून जाताना मी आत रडं ऐकू येतंय का बघायची. कोणाच्या मागाचा पट्टा तुटला, कोण सायकलवरून पडलं, की त्याच्या बायकोचा चुडा कुणी भरला ते मी आठवत बसायची.

आणि आठ दिवसांनी महिपती आला. पाणी मागितलं नाही. मी पत्र्याला चिकटून उभी राहिले, लाज सोडून.

"सारजा, मला बी कार्ड आलंय."

पलीकडं काच वाजली. मी डोळे मिटून घेतले, दगडाची वाट बघत. पण ती टोपली सरकवण्याची काच होती.

"मग?" सारजा म्हणाली.

"तळ्यावर जाऊन दिवस घातले. एकट्यानं. कुणाला सांगितलं न्हाय." तो खोकला. "तुझे जोंधळे खाल्लेत आमी दोन वरीस. तेवढ्या बांगड्या वाढव म्हणायला आता तोंड न्हाय मला."

"चहा टाकू?"

"टाक की."

त्यावर कोणी कधी बोललं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात महिपतीच्या पोरीचं, बजाचं, लग्न निघालं आणि त्यानं सारजालाच बोलावलं. त्या महिन्यात तिची छाती दुखायची, चार पावलं चालली की थांबायची. मी म्हटलं, ही एक नको भरू. परक्याची पोर वेगळी. घरात ज्याला ठाऊक आहे त्याच्याच पोरीच्या हातात तू भरणार, आणि उद्या काही झालं तर? ती म्हणाली, "ठाऊक असून बोलावतो, त्येच्या दारात मी भिऊन जाऊ नये." मला राहवेना, म्हणून मीही एसटीत बसले.

पुढचं आधीच सांगून टाकते. वळसंगहून आलो त्याच्या दुसऱ्या पहाटे सारजा गेली, झोपेतच, चाळिशीही झाली नव्हती. महिपतीनं हिरवं लुगडं आणलं, आणि हातातल्या बांगड्यांना कोणालाही हात लावू दिला नाही. भरल्या हातानं गेली. बजा अजून नांदतेय. तिचा नवरा महिन्यातून एकदा रुसून बसतो, तेवढं सोडलं तर त्याला काही झालेलं नाही. मी मात्र अजून त्याची खुशाली विचारते, आणि त्याला वाटतं मावशीचा लई जीव.

तर त्या दिवशी वळसंगला ओसरीवर पोतं अंथरलं होतं. बायका गोल बसलेल्या. महिपती खांबाला टेकून उभा, नजर जमिनीकडं. सारजानं टोपली उतरवली, दम घेतला, बजाचा हात घेतला, हाड दाबलं. तिसरी बांगडी चढवताना ती पिचली. बजाच्या मनगटावर बारीक लाल रेघ उमटली. बायकांच्या तोंडचं पाणी पळालं. महिपतीनं मान वर केली.

"वाढवली," सारजा म्हणाली, जसं रोज म्हणायची तसं. तुकडे वेचून पदराच्या टोकाला बांधले, रेघेवर हळद लावली, लडीतून दुसरी काढली आणि चढवली. मग चौथी. मग पाचवी. दोन्ही हात भरले. उजव्या हातात एक जास्तीची भरली. बजा पाया पडली.

सुपातले जोंधळे तिनं निम्मे घेतले, निम्मे सुपातच ठेवले. टोपलीवर फडकं टाकून गाठ मारली.

"एसटी कितीची हाय, भावजी?"